घड्याळाचे पार्ट धुणारं मशीन घरी कसं बनवावं: नागपूरचा उन्हाळा धरून

चावीचं घड्याळ उघडून परत चालू करता यायला लागलं की पुढचा प्रश्न येतो धुण्याचा. सुरुवातीला सगळेच वाटीत पेट्रोल आणि हातात ब्रश घेऊन बसतात. त्यात वाईट काही नाही, कितीतरी घड्याळवाल्यांनी आयुष्यभर असंच काम केलं आणि उत्तम केलं. पण ब्रशचा एखादा केस पिव्हटला, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या बारीक टोकाला, अडकून राहतो, ज्वेलच्या (ते टोक ज्यात फिरतं त्या दगडाच्या) भोकात गोठलेलं जुनं तेल तसंच राहतं आणि नव्या हाताकडून एखादं चाक वाकतं. महिन्याकाठी दोन-चार जुन्या एचएमटी उघडणाऱ्याने मशीन बनवून घेतलेलं बरं. सामान फार लागत नाही. मोटर, ड्रायव्हर, सप्लाय, बरण्या आणि किरकोळ धरून दोन-तीन हजारांत भागतं.

बहुतेक लोक सगळा जीव मोटरवर टाकतात. मोटर या मशीनमधला सगळ्यात सोपा भाग आहे. पार्ट स्वच्छ निघणार की नाही हे ठरतं बरणीच्या आतल्या पट्ट्यांवर आणि बरणीत काय ओतलंय त्यावर. आणि जे ओतलंय ते पेट घेऊ शकतं की नाही, याचा हिशोब नागपुरात थोडा वेगळा करावा लागतो.

मशीन करतं काय

वर मोटर, तिच्याखाली उभी सळई, सळईच्या टोकाला जाळीची टोपली. टोपलीत सुटे पार्ट. ही टोपली पहिल्या बरणीत उतरवून फिरवायची, मग द्रवाच्या वर पण बरणीच्या आतच उचलून जोरात फिरवून निथळायची, मग दुसरी बरणी, तिसरी बरणी, शेवटी गरम हवा. कंपन्यांची मशीनं कितीही महाग असली तरी मूळ काम हेच करतात.

टोपली एकाच दिशेने फिरत राहिली तर काही सेकंदांत बरणीतला द्रवही तिच्याबरोबर गोल फिरू लागतो. दोघांचा वेग सारखा झाला की पार्टवरून काही वाहतच नाही, म्हणजे धुणं थांबलं. यावर दोन उपाय, आणि दोन्ही हवेत. एक, दिशा सतत बदलायची; ताक घुसळताना रवी दोन्हीकडे फिरते ते उगाच नाही. दुसरा, बरणीच्या आतल्या भिंतीला उभ्या पट्ट्या लावायच्या, म्हणजे गोल फिरू पाहणारा द्रव त्यांच्यावर आपटून परत टोपलीत शिरतो.

अल्ट्रासॉनिक टबच का घेऊ नये, असं कुणी ना कुणी विचारतंच. सराफ्यात दागिने धुवायला तो सर्रास वापरतात आणि त्याची सफाई चांगली असते. पण खळबळणं, निथळणं आणि वाळवणं ही कामं तो करत नाही, ती शेवटी हातानेच करावी लागतात. दोन्ही असतील तर उत्तम. एकच घ्यायचं असेल तर मी फिरणारं मशीन निवडेन.

मोटर निवडताना

मिक्सरची किंवा शिलाई मशीनची जुनी मोटर घरात पडलेली असते आणि हात आधी तिच्याकडेच जातो. तिला तिथेच राहू द्या. या मोटरींना कार्बन ब्रश असतात आणि चालताना आत ठिणग्या पडतात. खाली उघड्या बरणीत पटकन पेटणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल असताना वर ठिणग्या नकोत. खेळण्यातल्या किंवा गिअरवाल्या साध्या डीसी मोटरलाही ब्रश असतातच.

स्टेपर मोटर (पायरी-पायरीने फिरणारी) घ्या, नेमा १७ आकाराची. थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात तीच. तिला ब्रश नाहीत, दिशा बदलणं एका तारेचं काम आणि वेग आकड्यात ठरवता येतो. तिच्यासोबत एक ए४९८८ ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा छोटा बोर्ड), एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), २४ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे सप्लाय, आणि १०० मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर. हे सगळं सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरलात तर मिळेल, नाहीतर ऑनलाइन आहेच. बारा व्होल्टवरही मोटर फिरते, पण निथळण्याच्या वेगाला तिची ताकद कमी पडते.

जोडणीतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. कॅपॅसिटर ड्रायव्हरच्या मोटर-सप्लाय पिनांना अगदी चिकटून लावा. सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर तिथल्या तिथे जातो. आणि ड्रायव्हरवरचा करंटचा छोटा स्क्रू फिरवताना मल्टिमीटर लावा: बोर्डावरचा सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा) ०.१ ओहमचा असेल तर ०.८ व्होल्टला १ अँपिअर मिळतो. काही बोर्डांवर ०.०५ किंवा ०.०६८ चा रेझिस्टर असतो, तिथे हाच व्होल्टेज जास्त करंट देईल. म्हणून आधी रेझिस्टरवरचा आकडा आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून वाचा. आयग्लास तर घड्याळवाल्याकडे असतोच.

प्रोग्राम छोटा आहे. हाफ-स्टेपवर (अर्ध्या-अर्ध्या पायरीने फिरवताना) मोटरचा एक फेरा ४०० पल्सचा, म्हणजे ड्रायव्हरला दिलेल्या ४०० ठोक्यांचा, होतो. धुण्यासाठी मिनिटाला साधारण २०० फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे १,३३० पल्स. निथळण्यासाठी ५०० फेरे, म्हणजे सुमारे ३,३३०. आर्डुइनोची नेहमीची अ‍ॅक्सेलस्टेपर लायब्ररी सेकंदाला ४,००० पर्यंत आरामात जाते. धुताना दहा-बारा सेकंद एका दिशेने, क्षणभर थांबा, मग उलट. वेग हळूहळू चढवा-उतरवा. एकदम वेग मागितला तर स्टेपर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि नवखा माणूस मोटर खराब समजून दुकानात परत न्यायला निघतो.

बटणं दोनच पुरेत: एक धुण्याचं, एक निथळण्याचं. थ्रीडी प्रिंटरची लिमिट स्विच (भाग ठराविक जागी आला की दाबली जाणारी) मिळाली तर ती अशी बसवा की टोपली द्रवाच्या वर आल्याशिवाय निथळण्याचा वेग चालूच होणार नाही. नाहीतर कधीतरी भरल्या बरणीत ५०० फेऱ्यांचं बटण दाबलं जाईल आणि अर्धा द्रव टेबलावर येईल.

सळई, बेअरिंग, स्टँड

८ मिलिमीटरची, ३०४ ग्रेडची स्टेनलेस सळई, साधारण २५ सेंटिमीटर. घेताना दुकानातल्या काचेच्या काउंटरवर ती लोळवून पाहा. सरळ असेल तर एकसारखी घरंगळत जाते, वाकडी असेल तर काचेखाली उजेडाची फट उघड-मिट होताना दिसते. मोटरचा शाफ्ट ५ मिलिमीटरचा, म्हणून दोन्ही जोडायला ५ बाय ८ चा कपलर. मोटरच्या थोडं खाली ६०८ नंबरचं बेअरिंग, ज्याचं भोक बरोबर ८ मिलिमीटरचं असतं. इतवारीत लोहाओळीकडे चक्कर मारलीत तर सळई आणि बेअरिंग एकाच फेरीत होतात. सळईच्या खालच्या टोकाला लेथवाल्याकडून ६ मिलिमीटरचे आटे पाडून घ्या, टोपली त्यावर नटाने बसेल.

सळई आखूड ठेवण्याचा मोह टाळा. स्टेपर मोटरच्या आत कायमचं चुंबक असतं आणि घड्याळाचे स्टीलचे पार्ट चुंबकाच्या बाबतीत फार हळवे. टोपली मोटरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब राहू द्या. शंका असेल तर टोपलीच्या जागी साधं होकायंत्र धरून मोटर फिरवा. सुई हलली तर सळई वाढवा.

स्टँडसाठी सगळ्यात स्वस्त आणि पक्की वस्तू म्हणजे ड्रॉवरचं चॅनेल. बेअरिंगवालं, १२ इंची, जोडी घ्यायची. १८ मिलिमीटर मरीन प्लायची उभी फळी, तिच्यावर दोन्ही चॅनेल उभे समांतर, त्यांच्यावर एक सरकती फळी आणि तिच्यातून पुढे आलेल्या आडव्या हातावर मोटर. सरकती फळी हव्या त्या उंचीला थांबावी म्हणून मागे एक वजन दोरीने, कप्पीवरून. पाणी भरलेली छोटी बाटलीही चालते, मोटरसकट सगळ्या सरकत्या भागाच्या वजनाइतकी भरायची. चॅनेल समांतर नसतील तर फळी मधेच अडकते, म्हणून आधी एक घट्ट करा, दुसरं सैल ठेवून फळी वरखाली सरकवा आणि मगच दुसऱ्याचे स्क्रू आवळा.

खाली बरण्या सरकवायला प्लायच्या दोन पट्ट्यांची खाच करा आणि प्रत्येक बरणी बरोबर मध्यावर थांबेल असा खिळा मारा. गोल फिरणारा चौरंगही काही जण करतात. दिसायला छान दिसतो, पण नाही केला तरी चालतं.

इलेक्ट्रॉनिक्सचा डबा बाजूला आणि बरण्यांच्या तोंडापेक्षा फूटभर उंच ठेवा. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते.

टोपली

चहाच्या गाळणीपासून टोपली करता येते, पण गाळणीची जाळी बहुधा मोठी असते आणि बारीक स्क्रू तिच्यातून सरळ खाली जातात. ६० नंबरची जाळी घ्या. तिचं छिद्र पाव मिलिमीटरचं असतं. ६० मिलिमीटर व्यासाची, २५ मिलिमीटर उंचीची पितळी कडी, तिच्या तळाला ही जाळी, आत एकमेकांना छेदणाऱ्या दोन पट्ट्यांचे चार कप्पे, वर जाळीचंच झाकण आणि मधोमध सळईसाठी नळी. झाळकाम सोनाराकडून करून घ्या, त्याचा हात आपल्यापेक्षा साफ असतो. ओळखीचा सोनार असेल तर चहावरही काम होतं. झाळून आणल्यावर फ्लक्स गरम पाण्यात नीट धुऊन काढा.

कप्पे हवेतच. मेन प्लेट आणि ब्रिज (चाकं ज्यांच्यात बसतात ते जाड पत्रे) एका कप्प्यात, चाकं दुसऱ्यात, स्क्रू आणि बारीकसारीक तिसऱ्यात. जड प्लेटखाली चौथं चाक, म्हणजे सेकंदकाट्याचं नाजूक चाक, दबलं तर त्याचा पिव्हट गेलाच समजा. धक्का झेलणाऱ्या शॉकच्या ज्वेलसारख्या अगदी लहान वस्तूंसाठी झाकणाची वेगळी छोटी जाळीची डबी चौथ्या कप्प्यात ठेवा.

बरण्या आणि पट्ट्या

रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या तीन सारख्या बरण्या. आतला व्यास ९५ मिलिमीटरच्या आसपास, उंची १३ ते १४ सेंटिमीटर. द्रव प्रत्येकी ४०० मिलिलिटर भरायचा, म्हणजे टोपली बुडून वर बोटभर राहतो आणि त्याच्या वर निथळायला पाच-सहा सेंटिमीटर कोरडी भिंत मिळते.

पट्ट्या पातळ स्टेनलेस पत्र्याच्या, १० मिलिमीटर रुंद. चिकटवू नका, सॉल्व्हंटमध्ये गोंद सुटतो. पत्र्याची एक कडी करा जी बरणीत दाबून स्प्रिंगसारखी बसेल आणि तिलाच तीन किंवा चार उभ्या पट्ट्या आत वळवून काढा. टोपलीची कड आणि पट्टी यांच्यात सात-आठ मिलिमीटर अंतर राहतं, तेवढं पुरे.

आता परीक्षा. बरणीत साधं पाणी भरा, चिमूटभर चहापत्ती टाका, रिकामी टोपली उतरवा आणि मशीन चालू करा. पट्ट्यांशिवाय चालवलंत तर चहापत्ती शिस्तीत गोल फिरते आणि थांबल्यावर तळाच्या मध्यावर ढीग करून बसते. पट्ट्या नीट असतील तर पत्ती सैरावैरा होते, वर येते, टोपलीवर आपटते, खाली जाते, कुठेच रांग धरत नाही. असा गोंधळ दिसला की मशीन तयार. रांग दिसली तर पट्ट्या रुंद करा किंवा एखादी वाढवा. मोटरचा वेग वाढवून हा दोष जात नाही.

काय ओतायचं

पेट्रोलचं आधी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलबद्दल नागपूरकरांना वेगळं काय सांगायचं, रोजच्या पेपरात वाचतो. घड्याळासाठी त्याचा अर्थ गंभीर आहे. पॅलेटचे (टिकटिक करणाऱ्या छोट्या फाट्याचे) दगड आणि बॅलन्सच्या (मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या) रोलरचा ज्वेल लाखेने, म्हणजे चपड्याने चिकटवलेले असतात. सुतार पॉलिश करायला चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो, ते सगळ्यांनी पाहिलंय. तेच स्पिरिट आता पेट्रोलमध्ये आहे. जुन्या मंडळींनी वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये पॅलेट बुडवले, तेव्हाचं पेट्रोल निराळं होतं. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, ते श्वासात जाणं वाईट, आणि त्याची वाफ कुठल्याही ऋतूत पेट घेते.

रॉकेल सुरक्षित, असा एक समज आहे. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, साधारण ३५ ते ४० अंश. मिनरल टर्पेंटाइनचंही जवळपास तसंच. थंड देशातल्या माणसाने लिहिलेल्या सूचनेत ‘खोलीच्या तापमानाला सुरक्षित’ असं असेल तर ते त्याच्या खोलीपुरतं खरं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालची खोली दुपारी ४० ला सहज पोचते. म्हणजे डिसेंबरात जो द्रव शांत, तोच मेमध्ये पेट्रोलच्या पंक्तीला जाऊन बसतो. शिवाय रॉकेल वाळल्यावर तेलकट थर सोडतं, ते वेगळंच.

म्हणून नवख्याने असं करावं. पहिल्या बरणीत डिस्टिल्ड वॉटर आणि रंग नसलेलं सौम्य डिशवॉश, अर्धा चमचा. दुसऱ्या बरणीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर. तिसऱ्या बरणीत ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे पाणी ओढून घेतं आणि स्वतः झटकन उडून जातं. पेटणारी बरणी एकच, आणि तीही ४०० मिलिलिटरची. पाणी बॅटरीच्या दुकानातून घेताना ‘बॅटरीचं पाणी’ न म्हणता ‘डिस्टिल्ड वॉटर’ असं स्पष्ट मागा, नाहीतर एखादा अ‍ॅसिडची बाटली पुढे करायचा. घरच्या आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात आणि वाळल्यावर प्लेटवर डाग दिसतात.

पितळ चमकावं म्हणून पहिल्या बरणीत अमोनिया घालतात आणि घड्याळाच्या तयार क्लीनरमध्येही तो बहुधा असतो. चालेल, पण पाच-सात मिनिटांच्या वर नाही. अमोनिया आणि ताणाखालचं पितळ यांचं वैर जुनं आहे आणि त्याची सर्वांत प्रसिद्ध हकिगत आपल्याच देशातली. ब्रिटिशांच्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जायची आणि तिथे त्यांना तडे जायचे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा मिळून हे होतं, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. घड्याळाची चाकं काडतुसं नव्हेत, तरी रात्रभर भिजत घालायची वस्तू ही नाही.

आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट १२ अंश आहे, म्हणजे नागपुरात तो जानेवारीच्या पहाटेचे काही तास सोडले तर कायम पेटण्याजोगाच. त्याची बरणी वापरतानाच उघडा. काम गच्चीत किंवा मोकळ्या व्हरांड्यात, उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती, फ्रिज, काहीही आसपास नको. बरणीचं झाकण हाताशी ठेवा. पेटलं तर फुंकर किंवा पाणी न मारता झाकण लावायचं.

पहिली धुलाई

चालणारं घड्याळ घेऊ नका. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात भंगारातली घड्याळाची मशीनं (आतली यंत्रणा) पडलेली असतात, त्यातलं एखादं मागा. एचएमटी जनता किंवा पायलटचं असलं तर उत्तम, पार्ट दणकट असतात.

घड्याळाचं मशीन पूर्ण सुटं करा. डायल, काटे, काच, रबराच्या रिंगा बाहेर. मेन स्प्रिंग बॅरलमधून (तिच्या गोल डबीतून) काढून वेगळी पुसा. पॅलेट आणि बॅलन्स धुण्याच्या मशीनमध्ये जाणार नाहीत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि अमोनियासारख्या अल्कलीतही. हे दोन्ही काचेच्या छोट्या झाकणाच्या वाटीत लायटरच्या पेट्रोलमध्ये मिनिटभर हलवा आणि टिश्यूवर वाळू द्या. ते नॅफ्था असतं, लाखेला हात लावत नाही. ही वाटीही पेटणारीच, वर सांगितलेली खबरदारी तिलाही लागू.

ज्वेलची भोकं टोकदार केलेल्या टूथपिकने आधी फिरवून साफ करा. टूथपिकचं टोक काळं निघेल. नवीन टोक करा, परत फिरवा, टोक पांढरं निघेपर्यंत. हे काम कुठलंही मशीन करत नाही आणि ते टाळणाऱ्याचं घड्याळ सहा महिन्यांत परत येतं.

मग टोपली भरा. पहिली बरणी पाच मिनिटं, उचलून अर्धं मिनिट निथळणं. दुसरी तीन मिनिटं, निथळणं. इथे रेंगाळू नका, ओलं स्टील गंज धरायला वेळ लावत नाही. तिसरी दोन-तीन मिनिटं, आणि निथळणं जरा जास्त वेळ.

वाळवणं

पत्र्याच्या डब्यात छोटा पीटीसी हीटर (स्वतःचा ताप स्वतःच आवरणारा) आणि कॉम्प्युटरचा पंखा बसवून वाळवणी होते. तापमान ५० ते ६० अंश. हा डबा बरण्यांपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि निथळलेली टोपली पाच मिनिटं मोकळ्या हवेत ठेवून वाफ उडाल्यावरच आत घाला.

एप्रिल-मेमध्ये हीटर लागतच नाही. बारीक जाळीखाली टोपली आणि वर टेबलफॅन, बस. पण कूलर बंद हवा. नागपुरात कूलरसमोर सगळं वाळत घालायची सवय असते, आणि कूलर हवेत पाणीच सोडत असतो. त्या हवेत ठेवलेल्या स्टीलच्या पार्टवर बारीक तांबूस ठिपके येतात. जुलै-ऑगस्टमध्ये हीटर हवाच, आणि वाळलेले पार्ट सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डबीत.

पार्ट आता चिमट्यानेच उचला. आयग्लासखाली ज्वेल तिरका धरून उजेडात पाहा. भोकाभोवती इंद्रधनुषी कडं दिसलं तर तेलाचा थर उरलाय. टूथपिक आणि पुन्हा एक फेरी.

द्रव कधी बदलायचा

पहिल्या बरणीतलं साबणपाणी रोज नवं करा, त्याला किंमत नाही. दुसरीतलं पाणी साबणाने गढूळ दिसू लागलं की टाका. आयसोप्रोपिल महागडं, म्हणून लोक ते ताणतात. त्याचा एक थेंब स्वच्छ काचेवर टाकून उडू द्या. काचेवर कडं राहिलं तर ते शेवटच्या बरणीच्या लायकीचं नाही. ते हत्यारं पुसायला ठेवा. उरलेलं मोरीत किंवा नालीत ओतू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवा, आणि बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव लिहा, कारण पाण्यासारखं दिसणारं काहीही उन्हाळ्यात आपल्या घरात कुणीतरी तोंडाला लावतं.